हातांची परीक्षा कोण घेणार?

पनवेलला रस्ते येऊन मिळतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो, गोव्याचा महामार्ग पळस्प्याहून कोकणात उतरतो, जुना पुणे रस्ता चौक-खालापूरवरून बोरघाटाकडे जातो आणि न्हावाशेवा बंदरातून निघालेले कंटेनर रात्रंदिवस याच परिसरातून वळतात. जिथे एवढी वाहने, तिथे अपघात आलेच. मांडीचे हाड मोडलेला ट्रकचालक, प्लीहा फुटून पोटात रक्त साचलेला दुचाकीस्वार, यंत्रात हात अडकलेला तळोज्याचा कामगार यांच्यासाठी रात्री दोन वाजता हजर असणारा आणि हात स्थिर असणारा सर्जन ही इथली रोजची गरज आहे.

याच तालुक्यात, कामोठ्याला, १९८९पासून महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्याच्या गावी, अलिबागला, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. दरवर्षी या आणि राज्यातल्या इतर महाविद्यालयांतून एमबीबीएसची तुकडी बाहेर पडते आणि तिच्यातल्या काही मुलामुलींना सर्जन व्हायचे असते. डॉक्टर व्हायचे तर ‘नीट’ द्यावी लागते, एवढे आता घरोघरी ठाऊक आहे. त्यापुढे सर्जन कसा घडतो, हे मात्र ज्यांच्या पोटावर उद्या त्याची सुरी चालणार आहे, त्यांनाही माहीत नसते. या वाटेत एक मोठी खोट आहे. ती दूर करता येण्यासारखी आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहायला हवे.

आधी वाट समजून घेऊ. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. इथवर विद्यार्थी साडेतेवीस-चोवीस वर्षांचा होतो. मग नीट-पीजी ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा. तिच्यात क्रमांक चांगला आला, तर एमएस जनरल सर्जरी किंवा डीएनबी, दोन्ही तीन वर्षांचे. पुढे मूत्रमार्ग, हृदय, प्लास्टिक सर्जरी, लहान मुलांची शस्त्रक्रिया अशा एखाद्या शाखेत जायचे, तर पुन्हा नीट-एसएस आणि आणखी तीन वर्षे एमसीएच. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यांना मधल्या टप्प्यांवर बंधपत्राची सेवाही करावी लागते. सगळे पहिल्या फटक्यात जमले, तरी स्वतःच्या जबाबदारीवर मोठी शस्त्रक्रिया करू लागेपर्यंत तिशी जवळ येते. पीजीच्या तयारीत एखाददुसरे वर्ष गेले, आणि ते पुष्कळांचे जाते, तर तिशी उलटते. घरच्यांचा धीर आणि पैसा या दोन्हींची ही लांबलचक कसोटी आहे.

पण वर्षे जास्त लागतात ही आमची तक्रार नाही. पोट उघडायला शिकायचे, तर वेळ लागणारच. प्रश्न आहे तो या वर्षांतला सर्वांत मोलाचा भाग कशात खर्च होतो, याचा.

नीट-पीजीमध्ये २०० प्रश्न असतात, वेळ साडेतीन तास. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक गुण वजा. दोन लाखांहून अधिक डॉक्टर ही परीक्षा देतात. एवढ्या मोठ्या संख्येसाठी एकच चाळणी लावायची, तर ती अशीच असणार, हे आम्हाला मान्य आहे. महाविद्यालयागणिक वेगळ्या परीक्षा, त्यांतली वशिलेबाजी आणि देणग्यांचे व्यवहार या देशाने पाहिले आहेत. समान परीक्षेने त्यांना बऱ्याच अंशी आळा घातला, आणि सामान्य घरातल्या मुलाला निदान गुणांच्या जोरावर दार ठोठावता येते, हे या पद्धतीचे श्रेय आहे. ते नाकारून पुढची चर्चा करणे अन्यायाचे होईल.

तरीही सत्य हे आहे की त्या साडेतीन तासांत उमेदवाराच्या हातांविषयी काहीही कळत नाही. त्याने कधी टाका घातला आहे का, रक्ताची चिळकांडी उडाली की तो गोंधळतो की बोट दाबून धरतो, सहा तास उभे राहिल्यावर त्याचे लक्ष टिकते का, मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगताना त्याला शब्द सापडतात का, यांतले काहीही नाही. रेडिओलॉजीला जाणारा, त्वचारोगाला जाणारा आणि सर्जरीला जाणारा, तिघांची निवड एकाच प्रश्नपत्रिकेवर होते. क्रमांक लागला की उमेदवार उपलब्ध जागांतून शाखा निवडतो. वरच्या क्रमांकांची पसंती गेली काही वर्षे रेडिओलॉजी आणि मेडिसिनकडे झुकली आहे. त्यामुळे मनापासून सर्जरी हवी असलेला विद्यार्थी दोन प्रश्न चुकल्याने मागे पडतो, आणि दुसरे काही मिळाले नाही म्हणून कुणी सर्जरी घेतो, असेही घडते.

ज्या देशात शल्यविद्येची इतकी जुनी परंपरा आहे, तिथे हे व्हावे याची खंत वाटते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय केवळ सरावाविषयी आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर करावा. शीर वेधण्याचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. टाके घालण्याचा कापडावर आणि मऊ कातड्यावर. पट्टी बांधण्याचा माणसाएवढ्या कापडी बाहुल्यावर, असे तिथे तपशीलवार सांगितले आहे. शास्त्र पुष्कळ ऐकलेला पण असा सराव न केलेला शिष्य कर्म करण्यास अपात्र, हा त्या अध्यायाचा निर्णय आहे. आज आपण नेमके उलट करतो. शास्त्र किती ऐकले एवढेच मोजतो आणि कर्माला बसवतो.

आपल्याच मुलुखातले दुसरे उदाहरण अठराव्या शतकाच्या अखेरचे आहे. कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान १७९२च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याच्या परिसरातल्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले आणि १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचे वर्णन चित्रासह छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने अभ्यास केला आणि १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हा टप्पा मानाचा आहे. त्या पुणेरी कारागिराचे नाव कुणी नोंदवले नाही. त्याने कोणती परीक्षा दिली नव्हती. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली तो शिकला असणार. अशा परंपरागत पद्धतीकडे परत जा, असे कुणी म्हणणार नाही. निर्जंतुकीकरण, भूल, प्रतिजैविके यांच्या आधीच्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण हाताची विद्या जाणत्याच्या शेजारी उभे राहून, त्याच्या देखरेखीखाली, पुन्हा पुन्हा करूनच येते, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

ही विद्या पहिल्यांदा हाताला लागायची जागा म्हणजे इंटर्नशिप. इथेच आपल्या पद्धतीची खोट आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार इंटर्नला बारा महिन्यांत बहुतेक सर्व विभागांतून फिरावे लागते. सामुदायिक आरोग्याला बारा आठवडे, जनरल सर्जरीला सहा, भूलशास्त्र व अतिदक्षतेला दोन, अस्थिरोगाला दोन, अपघात विभागाला दोन. सर्जरीचे सहा आठवडे थोडे वाटतात, पण नीट वापरले तर पुष्कळ आहेत. सहा आठवड्यांत इंटर्न गळू फोडायला शिकतो, मधुमेही पायाची जखम रोज उघडून धुतो आणि मेलेली कातडी कुठवर काढायची हे डोळ्यांनी ओळखू लागतो. फाटलेल्या कपाळाला टाके घालतो. लघवीची नळी, नाकातली नळी, छातीतली नळी घालताना पाहतो आणि मग स्वतः घालतो. ऑपरेशन थिएटरमध्ये हात कसे धुवायचे, गाऊन कसा चढवायचा, निर्जंतुक काय आणि काय नाही, हे त्याच्या अंगवळणी पडते. रिट्रॅक्टर धरून दोन-तीन तास उभे राहिल्यावर पोटाच्या आतली रचना पुस्तकातल्या चित्रापेक्षा किती वेगळी असते, ते त्याला कळते. सर्जरी आपल्याला झेपेल का, आवडेल का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर त्याला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

प्रत्यक्षात काय होते, हे वैद्यकीय क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. इंटर्नशिप सुरू होते तेव्हा नीट-पीजी वर्षावर आलेली असते. क्लासचे व्हिडिओ, प्रश्नसंच, सराव परीक्षा यांचे वेळापत्रक विद्यार्थ्याने आधीच बांधलेले असते. वॉर्डातला प्रत्येक तास त्याला अभ्यासातून वजा झालेला तास वाटतो. मग ‘जरा अॅडजस्ट करा’ हा शब्दप्रयोग सुरू होतो. युनिटही सोडून देते, कारण वरिष्ठांनाही आपण त्याच वाटेने आलो हे आठवत असते. जिथे इंटर्न राहतो, तिथे तो पुष्कळदा रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, अहवाल आणणे, अर्ज भरणे यांतच अडकतो. रुग्णालयात हमाल आणि कारकून कमी असल्याचा भार त्याच्यावर पडतो आणि शिकायचे राहते. वर्षाच्या शेवटी लॉगबुकवर सह्या होतात. टाका घालायला न शिकलेला डॉक्टर नोंदणी करून बाहेर पडतो.

यात विद्यार्थ्याला दोष देणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. त्याचे सगळे भवितव्य एका दिवसाच्या परीक्षेवर टांगलेले असेल, तर तो वॉर्डात रमावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तो दिवसही त्याला धड सांगता येत नाही. २०२४ सालची परीक्षा २३ जूनला होती. ती आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. दुसऱ्या शहरातल्या केंद्रावर पोहोचलेली मुले तशीच परतली आणि परीक्षा ११ ऑगस्टला झाली. २०२५ साली १५ जूनची परीक्षा दोन सत्रांत घ्यायची ठरली होती. ती एकाच सत्रात घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिल्यावर ती ३ ऑगस्टला झाली. आदेश योग्यच होता, कारण दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण जुळवण्याच्या गणितावर मुलांचा विश्वास नव्हता. पण प्रत्येक वेळी तयारीचे सात आठवडे वाढले आणि तेवढाच रुग्णांपासूनचा दुरावा वाढला.

वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यात ‘नेक्स्ट’ ही नवी परीक्षा योजलेली आहे. तिचे दोन भाग: पहिला लेखी, दुसरा प्रत्यक्ष रुग्णासमोरचा, ज्यात सर्जरी या विषयाचाही समावेश. ती लागू होणे लांबणीवर पडले आहे. पण उद्या लागू झाली, तरी पदव्युत्तर प्रवेशाचा क्रमांक पहिल्या, म्हणजे लेखी भागावरच ठरायचा आहे. दुसरा भाग फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण. म्हणजे हाताला पुन्हा क्रमांकात जागा नाही. हा आराखडा अजून कागदावर आहे तोवरच त्यात बदल करून घेणे शक्य आहे. पालक, विद्यार्थी संघटना आणि महाविद्यालयांचे अधिष्ठाते यांनी यावर बोलले पाहिजे. हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही.

समजा, क्रमांक लागला आणि सर्जरी मिळाली. मग निवासी डॉक्टर म्हणून तीन वर्षे. अशा प्रशिक्षणाचा आधुनिक साचा अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९नंतर घडवला. प्रशिक्षणार्थीने रुग्णालयातच राहायचे, जबाबदारी पायरीपायरीने वाढवत न्यायची आणि शेवटी स्वतंत्र व्हायचे, हा त्याचा गाभा उत्तम आहे. पण रुग्णालयाबाहेर प्रशिक्षणार्थीला आयुष्यच नाही, हे गृहीतकही त्याच साच्यातून आले. भारतात १९९२च्या केंद्रीय निवासी योजनेत आठवड्याला साधारण ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक काम नको, असे लिहिलेले आहे. कोणत्याही मोठ्या रुग्णालयातल्या सर्जरीच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला हे वाचून दाखवा. त्याचा विश्वास बसणार नाही. वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिगटाने २०२४ साली आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि एक दिवस सुटी, अशी शिफारस केली. त्याच गटाच्या पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्क्यांहून अधिक जणांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. हा आकडा वाचून कुणाही सुजाण माणसाची झोप उडायला हवी. जळगावहून मुंबईला शिकायला आलेल्या डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीचा मे २०१९मध्ये नायर रुग्णालयात झालेला अंत महाराष्ट्राने पाहिला आहे. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप त्या प्रकरणात झाला. शल्यशाखांमध्ये वरिष्ठांचा शब्द अखेरचा असतो, कारण तोच केस देतो आणि तोच शिकवतो. ज्याच्या हाती शिकवणे आहे, त्याच्याच हाती अपमान करण्याची मोकळीक असेल, तर दाद मागायला तिसरी जागा लागते. ती अनेक ठिकाणी नावापुरतीच आहे.

मुलींबाबत आणखी एक गोष्ट. एमबीबीएसच्या वर्गात आज मुली मुलांच्या बरोबरीने दिसतात, सर्जरीच्या विभागात मात्र कमी. ‘तुला कशाला एवढी धावपळ, त्वचारोग घे’ हा सल्ला घरातूनही येतो आणि विभागातूनही. वयाची पंचविशी ते तिशी ही सर्जरीच्या प्रशिक्षणाचीही वर्षे आहेत आणि लग्न-बाळंतपणाचीही. त्या काळात रजा, वसतिगृह, पाळणाघर यांची नीट सोय करणे महाविद्यालयांना अशक्य नाही. ती न करता मुली सर्जरीला येत नाहीत असे म्हणणे योग्य नाही.

एवढ्या कष्टांतून तयार झालेला सर्जन शेवटी कुणाला मिळतो? लॅन्सेट नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ साली मांडले की जगातल्या सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. एखाद्या रुग्णालयाची शल्यसेवा जोखायला त्यांनी तीन शस्त्रक्रिया निवडल्या: सिझेरियन, पोट उघडून करायची तातडीची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरचे उपचार. या तीन होतात ते रुग्णालय इतर बहुतेक गोष्टीही करू शकते. आणि अशा रुग्णालयात माणूस दोन तासांत पोहोचला पाहिजे, ही त्यांची अपेक्षा.

हा दोन तासांचा निकष रायगडच्या नकाशावर ठेवून पाहा. पनवेल, कामोठे, खारघर इथे उंच इमारतींची रुग्णालये आहेत आणि सर्जन आहेत. पण श्रीवर्धन, म्हसळा, पोलादपूर, सुधागडच्या दुर्गम वाड्यांतून निघालेला पेशंट पनवेलला दोन तासांत येत नाही. गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले, त्याचे भोग अजून संपलेले नाहीत. आतड्याला भोक पडून पोटात पू पसरलेला शेतकरी आधी ग्रामीण रुग्णालयात, तिथून उपजिल्हा रुग्णालयात, तिथून अलिबागला किंवा पनवेलला आणि तिथून पुन्हा मुंबईच्या जे. जे. किंवा केईएमला पाठवला जातो. प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी वाढते आणि काही तास जातात. आतड्याच्या भोकावरची शस्त्रक्रिया कठीण नाही. एमएस झालेला कोणताही सर्जन ती करू शकतो. जीव जातो तो उशिरामुळे.

केंद्राच्या २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांना जेवढे सर्जन हवेत, त्यांत ८३ टक्क्यांची तूट होती. पदवीच्या जागा गेल्या दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाल्या, पदव्युत्तर जागाही वाढल्या, पण ही तूट हटली नाही. जागा वाढवल्या की सर्जन गावात आपोआप पोहोचतील, हा समज या आकड्यांनी खोटा ठरवला आहे.

ते का पोहोचत नाहीत, याचे उत्तर नेहमी तरुण डॉक्टरांच्या पैशाच्या हव्यासात शोधले जाते. ते अर्धेच खरे. सर्जन एकटा शस्त्रक्रिया करू शकत नाही. भूलतज्ज्ञ लागतो, प्रशिक्षित परिचारिका लागते, साठवलेले रक्त लागते, चालणारे ऑटोक्लेव्ह आणि अखंड वीज लागते. ग्रामीण रुग्णालयात सर्जनची नेमणूक झाली आणि भूलतज्ज्ञाचे पद रिकामे राहिले, तर तो सर्जन ओपीडीत मलमपट्ट्या करत बसतो. सहा महिन्यांत त्याचा हात उतरतो, वर्षभरात तो राजीनामा देतो आणि सरकारी कागदांवर ‘डॉक्टर टिकत नाहीत’ अशी नोंद होते. सर्जन, भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्तसाठा हे एकत्रच द्यायचे, नाहीतर त्या रुग्णालयाला शस्त्रक्रियेचे केंद्र म्हणूच नये, एवढा साधा नियम सरकारने स्वतःवर घालून घ्यावा.

सोय झाली आणि मनाची तयारी असली, तर लहान गावातला जनरल सर्जन काय करू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत लागणाऱ्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष त्यांनी २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध केले. पुढे युगांडात स्वस्त मच्छरदाणीची जाळी आणि बाजारातली जाळी यांची शास्त्रीय तुलना झाली. दोन्हींचे परिणाम सारखे निघाले आणि ते २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ज्या शस्त्रक्रियेसाठी गरीब माणूस वर्षानुवर्षे पट्टा बांधून फिरतो, ती त्याच्या आवाक्यात आणण्याचा हा मार्ग एका लहान गावातून निघाला. मुंबईतही, जे. जे. या सरकारी रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढले. दुर्बिणीची शस्त्रक्रिया गरिबालाच अधिक उपयोगी, कारण तो लवकर कामावर परततो, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. आणि आपल्या रायगडात, मांडव्याला, डॉ. नोशिर अंतिया यांनी १९७०च्या दशकात गावातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. ते कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात सरळ करणारे जागतिक कीर्तीचे प्लास्टिक सर्जन होते. त्यांच्याकडून गावात येण्यासाठी कुणी बंधपत्र लिहून घेतले नव्हते.

अलीकडे एक चांगली सुरुवात झाली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम केलेच पाहिजे, असा नियम आला आहे. सर्जरीच्या दुसऱ्या वर्षातल्या निवासी डॉक्टरने अलिबाग किंवा पनवेलच्या सरकारी रुग्णालयात हे तीन महिने खरोखर शस्त्रक्रियागृहात घालवले, तर त्याचाही हात तयार होईल आणि पेशंटच्या चिठ्ठ्याही कमी होतील. त्यासाठी तिथे शिकवणारा वरिष्ठ सर्जन आणि भूलतज्ज्ञ हवा. नुसती हजेरी लागली, तर हेही इंटर्नशिपच्या वाटेने जाईल.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पदव्युत्तर प्रवेशात इंटर्नशिपच्या प्रत्यक्ष कौशल्य-चाचणीला गुण द्या. ही चाचणी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या महाविद्यालयाने घेऊ नये. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठासारख्या संस्थेने बाहेरचे परीक्षक नेमून घ्यावी, म्हणजे वशिल्याला वाव राहणार नाही. सुरुवातीला तिचे वजन थोडे ठेवले तरी चालेल. गुण आहेत म्हटल्यावर इंटर्न वॉर्डात राहील आणि युनिटही त्याला शिकवेल. नमुने नेण्या-आणण्याच्या कामाला माणसे नेमा. नीट-पीजीची तारीख वर्षभर आधी जाहीर करा आणि ती पाळा.

आणि कामोठ्यातून, अलिबागहून किंवा आणखी कुठून यंदा एमबीबीएस होऊन बाहेर पडणाऱ्या, मनात सर्जरी धरून असलेल्या मुलामुलींना एक आग्रहाची विनंती. धोरण बदलायला वेळ लागेल, तुमची इंटर्नशिप मात्र यंदाच आहे. सर्जरीचे सहा आठवडे कुणालाही देऊ नका. रात्रीची इमर्जन्सी मागून घ्या, गाठी मारायचा सराव खोलीतल्या खुर्चीच्या हातावर करा, आणि युनिटमधल्या एका वरिष्ठाला स्पष्ट सांगा की मला टाके घालायला शिकवा. पनवेलच्या अपघात विभागात आज रात्रीही कुणाचे तरी कपाळ फाटलेले असेल. ते तुमच्या हातून नीट शिवले जाऊ द्या.